नानांना खेळता येईल अशी गेम

तिसगावकर मंडळी, मनीषाचे वडील नाना, आई माई, तिचे सगळे नातेवाईक, आणि केडगावहून आलेले माझे सोबती,

मला नीट बोलता येईल की नाही, माहीत नाही. गाडीत येताना एक वाक्य जुळवलं होतं. इथं नानांच्या समोर उभा राहिलो आणि ते गेलं. असू द्या. येईल तसं बोलतो.

मी नीलेश. केडगावात पुणे रोडला, हार्डवेअरच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस आहे. मोबाईलवरच्या गेम आम्ही तिथं बनवतो. मनीषा पहिल्या दिवसापासून आमच्यात होती. मला नीलेशदादा म्हणायची, पण चुकलो तर दादाबिदा बघायची नाही.

मघाशी दारात तिच्या मावशीनं, शांताक्कांनी, मला थांबवलं. म्हणाल्या, "भाऊ, पोरगी तुमच्याकडं गेम करायची म्हनत्यात. म्हंजी नेमकं काय करायची? आमाला कुनालाच सांगता येत न्हाई. कुनी विचारलं तर काय सांगायचं?"

शांताक्का, तेच सांगायला मी उभा आहे.

लोकांना वाटतं, गेम म्हणजे एक माणूस कॉम्प्युटरपुढं बसतो आणि तयार करतो. तसं नसतं. आमच्याकडं फरहान आहे, तो गेम रचतो. खेळणाऱ्यानं कुठं जायचं, काय केलं की जिंकायचं, काय केलं की हरायचं, हे तो ठरवतो. प्राजक्ता चित्रं काढते. सागर त्या चित्रांना चालायला, पळायला लावतो. मी प्रोग्राम लिहितो, म्हणजे या सगळ्यांनी ठरवलेलं मशीनला समजेल असं सांगतो. रुपाली तयार झालेली गेम दिवसभर खेळते आणि कुठं अडते, कुठं बंद पडते ते शोधते. हसू नका, फार कठीण काम आहे ते.

आणि मनीषा आवाज करायची. गेममध्ये पाऊल वाजतं, दार करकरतं, वारा सुटतो, ते आपोआप होत नाही. कुणीतरी तो प्रत्येक आवाज शोधतं, रेकॉर्ड करतं, साफ करतं, बरोबर जागी बसवतं. ते काम मनीषाचं. आपल्या जिल्ह्यात ते काम करणारी दुसरी बाई मला तरी माहीत नाही.

ती मुलाखतीला आली तेव्हा मी सर्टिफिकेट मागितलं. तिनं पिशवीतून हेडफोन काढला. म्हणाली, "आधी हे ऐका."

मी ऐकलं. उसाच्या फडातला कोयता. पाचट तुडवत जाणारे पाय. मग चुलीत फुंकर मारणारी बाई, आणि पत्र्यावर दव ठिबकतंय असा बारीक आवाज. ऊसतोडीच्या तळावरची कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी होती ती. मनीषाचं अर्धं लहानपण अशा कोपीत गेलं, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मी विचारलं, "हे कशासाठी रेकॉर्ड केलंस?"

"नानांसाठी," ती म्हणाली. "शुगरनं त्यांची नजर गेली. आता तोडीला जात नाहीत. घरी बसून त्यांना करमत नाही, म्हणून ऐकवते."

मी त्याच दिवशी तिला कामावर घेतलं.

पुढं एका रविवारी ती इथं घरी आली होती. नाना ओट्यावर बसले होते. नाना, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तिला म्हणालात, "सारं गाव म्हनतंय, तुजी गेम लई भारी हाय. मला बी दाव की." आणि पुढं केलेला हात तसाच मागं घेतलात.

सोमवारी ऑफिसात आली तेव्हा तिनं डबासुद्धा टेबलावर ठेवला नव्हता. उभ्या उभ्याच म्हणाली, "नीलेशदादा, मला नानांना खेळता येईल अशी गेम करायची आहे. एकही चित्र नको. फक्त आवाज."

प्राजक्ता हसून म्हणाली, "मग मी काय करू?"

"तू डोळे मिटून बस," मनीषा म्हणाली. "आणि कुठं रस्ता कळला नाही ते सांग."

तिथून तिचं काम बदललं. आता नुसता आवाज देऊन भागणार नव्हतं, गेम रचायलाही शिकायला हवं होतं. ती फरहानशेजारी खुर्ची ओढून बसायची. सोपी सुरुवात कशी द्यायची, अवघड कधी करायचं, माणूस हरला तरी त्यानं पुन्हा खेळावं म्हणून काय करायचं, सगळं विचारून विचारून शिकली. फरहान वैतागायचा, पण सांगायचा. नंतर नंतर तोच तिला विचारायला लागला.

गेम अशी ठरली. जनावरांच्या बाजारातून बैलगाडी हाकत घरी पोचायचं. रस्ता दिसत नाही, ऐकू येतो. फोनच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं की गाडी डावीकडं, उजव्या बाजूला टेकवलं की उजवीकडं. चाकाखाली खडी वाजली तर रस्त्यावर आहात. माती वाजली तर उतरलात. समोरून ट्रक आला तर कुठल्या अंगानं येतोय ते कानानं ओळखायचं.

त्या आवाजांसाठी आम्ही घोडेगावच्या बाजारात गेलो होतो. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माईकला केसाळ टोपी घालतात. ती तसला माईक घेऊन बैलाच्या गळ्याजवळ उभी. एक व्यापारी बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "ताई, मांजर घिऊन बैलाची मुलाखत घेता व्हय?"

मनीषा म्हणाली, "व्हय मामा. पन त्यो काय बोलंना." आणि तोंडासमोर बोट धरून तिनं सगळ्या बाजाराला गप्प केलं. बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. ती घुंगरं आज गेममध्ये आहेत.

पहिला कच्चा नमुना घेऊन ती नानांकडं आली. मी सोबत होतो. नानांनी हेडफोन लावला. थोडा वेळ गाडी बरी चालली, मग ओढ्यात गेली. पुन्हा लावली, पुन्हा ओढ्यात. नानांनी हेडफोन काढून ठेवला. म्हणाले, "मला येडं करती का काय? आंधळ्याचा खेळ मांडलाय निस्ता."

मला कानकोंडं झालं. मनीषा मात्र शांत होती. तिनं एवढंच विचारलं, "नाना, वढ्यात जायच्या आधी काय ऐकू आलं?"

"काईच न्हाई. येकदम पानी."

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "सवय नाही गं त्यांना. शिकतील."

ती म्हणाली, "नाना नाही चुकले, दादा. गेम चुकली. पाण्याचा आवाज आधीपासून हळूहळू यायला पाहिजे होता."

मंडळी, हे वाक्य आमच्या धंद्यात शिकायला माणसांना वर्षं लागतात. तिला ते बापाच्या रागातून एका दुपारी कळलं. त्यानंतर प्रत्येक नमुना आधी नानांकडं यायचा, मग रुपालीकडं. नाना शिव्या देत तपासायचे. मनीषा शिव्या सोडून बाकीचं सगळं दुरुस्त करायची.

मग एका मोठ्या कंपनीची माणसं आली. आवाज ऐकून खूश झाली. म्हणाली, गेम आम्ही घेतो, पण यात चित्रं टाका. नुसत्या आवाजाची गेम कोण खेळणार? तेव्हा आमचं ऑफिस टिकेल की नाही अशी परिस्थिती होती. होकार द्यावा असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं. मी मनीषाकडं बघितलं.

ती त्यांना म्हणाली, "साहेब, चित्र टाकलं की डोळस माणूस पुढं जाणार आणि माझा बाप मागं राहणार. मग ही गेम केली कशाला?"

चहा झाला, ती माणसं गेली. दार लागल्यावर फरहान उठला आणि म्हणाला, "चला, आपली आपण काढू." आणि आम्ही काढली.

सुरुवातीला फार कुणी विचारलं नाही. मग एके दिवशी कोल्हापूरकडच्या एका बाईंचा निरोप आला. जन्मापासून दिसत नाही त्यांना. निरोप त्यांनी बोलून पाठवला होता. "घरातली पोरं गेम खेळायची, मी शेजारी बसून नुसती ऐकायचे. काल माझ्या भाच्याला मी हरवलं. तो रुसून जेवला नाही." मनीषानं तो निरोप सगळ्या ऑफिसला ऐकवला. त्यानंतर असे निरोप येतच राहिले, अजूनही येतात.

आणि नाना. गेम निघाल्यावर एका संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसून गाडी पार शेवटपर्यंत नेलीत. भोवती निम्मी आळी जमली होती. खडी, माती, ओढा, ट्रक, सगळं मागं टाकलं. घर आलं की गेममध्ये एका बाईचा आवाज येतो. मनीषानं तो माईंच्या नकळत चुलीपाशी रेकॉर्ड केला होता. "आलात व्हय? हातपाय धुवा, भाकर टाकते."

नानांनी हेडफोन काढला. माई दारात उभ्या होत्या. नाना त्यांच्या दिशेनं म्हणाले, "आगं, पोचलो मी." मनीषा भिंतीला टेकून उभी होती. तिचा तो चेहरा आमच्यातला कुणी विसरणार नाही.

गेल्या आठवड्यात ती गेली. चार दिवसांचा ताप, इतकंच निमित्त.

पण शांताक्का, कुणी विचारलं तर मान वर करून सांगा. आमची मनीषा गेम बनवायची. आवाज तिचा, रचना तिची, आणि कुणासाठी बनवायची हा निर्णयही तिचाच. एवढी तीन कामं एका माणसाला जमलेली मी दुसरीकडं पाहिली नाहीत.

आज सकाळी नानांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रडतील. नानांनी विचारलं, "तिची दुसरी गेम अर्धी ऱ्हायलीय म्हनं?"

मी म्हणालो, "हो, नाना."

"मंग तपासाया कोन बसतंय?"



नाना म्हणाले, "गाडी धाड. मी येतो."

नाना, सोमवारी सकाळी गाडी तुमच्या दारात असेल.

आता आपण सगळे उभे राहू. रस्त्यानं टेम्पो जाईल, एखादं लेकरू रडेल, लिंबावर कावळा ओरडेल. ओरडू द्या. मनीषा असंच सगळं कान देऊन ऐकायची. थोडा वेळ आपणही तिच्यासाठी तसंच ऐकत उभे राहू.

मनीषा, तुला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.