आजाराचा नंबर

डॉक्टरला संशय घ्यावाच लागतो रे, पण एकदा माझी चांगलीच जिरली. कर्जतच्या माझ्या दवाखान्यात पळसदरीची एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेचे हात जखमांनी भरलेले.

"मच्छर चावतात," सासूच बोलली. मला वाटलं, हीच चटके देत असणार. तिला बाहेर बसवलं.

सुनेची पाठ बघितली. खांद्यांवरही जखमा होत्या, पण मधोमध, जिथं हात पोचत नाही, तिथं एकही नाही.

"स्वतःच खरवडतेस?"

"थांबवताच येत नाय. सासूबाई रोज पट्ट्या बांधतात."

सासूला आत बोलावून सांगितलं, हा खरवडण्याचाच आजार आहे, उपचार आहेत. केसपेपरवर आजाराचं नाव आणि कोड नंबर लिहिला. तिने झटकन कागदावर हात ठेवला.

"नंबर कसला? पोलिसांचा?"

"आजाराचा. प्रत्येक आजाराला असतो."

"म्हंजे आनखी कुनाला बी हाय हा?"

"पुष्कळ जणांना."

"मग जरा मोठ्या अक्षरात लिवा. हिच्या आईला दाखवायचाय. तिला वाटतं, मीच चटके देते."

वर न बघता मी तो नंबर पुन्हा लिहिला. मोठ्या अक्षरात.