आधी मी टेकणार

तारखेसकट सांगतो. १२ जुलै, दाट धुकं, वारा पडलेला. माझ्या वेल्डिंगच्या दुकानाचं पहिलं मोठं काम कुसगावच्या एका बंगल्यावर होतं, दरीकडच्या गच्चीचं रेलिंग. कंपनीतली नोकरी सोडताना मी एकच नियम ठरवला आणि तो दुकानाच्या पाटीवरही रंगवला होता: ‘आधी मी टेकणार, मग तुम्ही.’ तेव्हा दरी डोक्यात नव्हती.

बंगल्याचे रखवालदार आबा चहा घेऊन आले. “टेका की भाऊ रेलिंगला. मालकीणबाईंची पोरं उद्या हितंच खेळणार हाईत.”

“धुकं जाऊ द्या, आबा.”

“आवं, धुक्यातच टेका. खालचं दिसत न्हाई त्येच बरं.”

सगळे जोड मी स्वतः तपासले होते, तरी पुन्हा एकदा हाताने चाचपले. एक जरी सुटला तर दुकान गेलं, आणि मीही. डोळे मिटून पाठ रेलिंगला लावली आणि सगळा भार मागे टाकला.

“झालं की भाऊ. या आता.”

“येतो.”

“मगाधरनं येतोच म्हनताय. चा निवला.”

रेलिंग तसूभरही हललं नाही. माझी बोटं त्यावरून आबांनी एकेक करून सोडवली.