जपानात चुकत नाही, डोणगावात चुकते

तुम्ही मले हसता, पण त्या जपानी रेल्वेच्या गेमपायीच मले जिगरी दोस्त भेटला. त्या गेममधी दुसरं काही नाही, निस्ती रेल्वे चालवाची अन् फलाटावरच्या रेघेवर थांबवाची. वीतभर पुढं गेली तरी मार्क कटतात. आपल्या डोणगावात रेल्वेच नाही, तं असा गेम खेळणारं कोण भेटन? मंग मले ऑनलाइन एक ग्रुप सापडला. त्यात जपानी नाव लावेल एक गडी होता. दर खेपेले बरोब्बर रेघेवर थांबे. मी त्याले जपानीच समजत होतो. एक दिवस मी खेळून राह्यलो होतो, तं तो माईकवर म्हणे, "अबे, ब्रेक काऊन नाही मारून राह्यला?"

आपल्याच जिल्ह्यातल्या दुसरबीडचा निघाला. नोकरीनं बस ड्रायव्हर.

"सोमवारी गाडी घेऊन तुमच्याच गावाले येतो," म्हणे.

सोमवारी मी थांब्याच्या पुढ्यातच सावली पाहून मोटरसायकल लावली अन् वाट पाहत उभा राह्यलो. बस आली, अन् थांबा सोडून पार पिठाच्या गिरणीपाशी जाऊन थांबली. थांब्यावरचे सारे पॅसेंजर पिशव्या घेऊन बसमागं पळाले. मीबी पळालो.

खिडकीखाली जाऊन म्हणलं, "काय बे, जपानात वीतभर चुकत नाही, अन् डोणगावात थेट गिरणीपाशी?"

तो खाली उतरला, गळ्यात पडला अन् म्हणे, "जपानात थांब्यापुढं कोणी मोटरसायकल लावत नाही गा. कोणत्या येड्याची हाय ते?"

मी म्हणलं, "चाल, पयले चहा पिऊ."