आठव्या भागाचा डबा

वैजयंता : आधी ती आग विझव. काय विचारायचं ते मग विचार.

बबन : ओ मावशी, कोन तुमी? चुलीजवल जाऊ नका. कॉस्टिकचा पानी उकलतंय पिंपात, अंगावर उडाला तं कातडी निंगल.

उदय : बबनभाऊ, मी. काल संध्याकाळी स्कूटरवर आलो होतो ना, बेव्हर्ली पार्कातून. चांदी काढायला जुन्या फिल्मचा डबा देऊन गेलो. ही माझी आई.

बबन : हां, हां. वलखला. मंग आज काय, अजून माल हाय काय?

उदय : माल नाय रे. कालचा डबा परत पाहिजे. चुकून दिला गेला.

बबन : चुकून कसा? तुमीच बोलले का वास मारतो, बायकोला सोसत न्हाय, सोसायटीचा सेक्रेटरी रोज दारात उभा राहतो.

वैजयंता : बोलला असेल. डबा मी काढून दिला त्याच्या हातात, चूक माझी. त्याच्या बदल्यात हा घे. हा बघ, पिशवीत आणलाय, तेवढाच जड आहे. ह्यातही तेवढीच चांदी निघेल. फक्त कालचा दे.

बबन : मावशी, द्यायला मना काय व्हतंय. पन कालचा माल दोन ठिकानी हाय. थोडा त्या पत्र्याखाली पडलाय, थोडा सकाली पिंपात टाकला. तुमचा कशात गेला, मना न्हाय ठावं. गडी टाकतात.

उदय : मग आग बंद कर ना यार. आधी बघू तर दे.

बबन : हा बघा, वतला पानी. झाली बंद. पन सकालपासून उकलतंय त्यो, ह्ये ध्यानात ठेवा.

वैजयंता : उदय, तू पत्र्याखाली बघ. गोल डबा, झाकण गंजलेलं, वरून माझ्या हिरव्या लुगड्याची किनार बांधली होती. गाठ मीच मारली होती.

उदय : बघतोय. हा नाही. ह्याच्यात साबणाची जाहिरात दिसते. हा पण नाही.

बबन : मावशी, तुमी त्या खोक्यावर बसा. एवढं काय व्हतं त्यात? कंचा सिनेमा?

वैजयंता : भागांचा. आमच्या वेळी असायचे तसे. दर शुक्रवारी एक भाग. काळापांढरा, घोडे, तलवारी, बुरखेवाला डाकू. शेवटी हिरो कड्याला लटकलेला, हात सुटतो, खाली जातो, आणि दिवे लागतात. पुढे काय झालं ते बघायला पुढच्या शुक्रवारी या.

बबन : माजा बापूस सांगायचा. हितं खारीच्या शेतात तंबू लागायचा सिनेमाचा. आठवडाभर गावात भांडनं, मेला का वाचला. बापूस बोलायचा, हिरो कदी मरत न्हाय, पैशे लावा.

वैजयंता : हिरो नाहीच मरत. हिरोच्या जागी लटकायला जो माणूस ठेवायचे, तो माझा नवरा होता.

बबन : आयला.

उदय : आई, हे आत्ता सांगत बसू नको.

वैजयंता : सांगू दे. त्याला कळलं तर तोही हात लावेल शोधायला.

बबन : लावतो की. ओ भाऊ, तुमी डावीकडनं बघा, मी हिकडनं घेतो. मावशी, तुमी बोला. मंग काय झालं?

वैजयंता : वर चढून येतानाचं शूटिंग सकाळी उरकलं. पडण्याचं दुपारी, जेवणं झाल्यावर. कमरेला दोर होता, खाली जाळं धरलं होतं. दोर तुटला आणि हे जाळ्याच्या पलीकडे गेले. मी तिथे नव्हते. घरी होते, हा पोटात होता. संध्याकाळी कंपनीचा माणूस आला तेव्हा मी दळण निवडत होते.

बबन : आनि सिनेमा बंद पडला?

वैजयंता : कशाला बंद पडतोय? कॅमेरा चालू होता. असा शॉट पुन्हा मिळायचा नाही म्हणाले आणि तोच ठेवला. सातव्या भागाच्या शेवटी हे पडतात. आठव्या भागात झाडाची मुळी धरून वर येतात, कारण ते सकाळीच झालेलं होतं.

उदय : हिरवी किनार बोललीस ना? हा लाल दोरा आहे. नाही हा.

वैजयंता : सातवा भाग लागला त्या शुक्रवारी मी घराबाहेर पडले नाही. आठव्याला गेले. सासूबाई म्हणाल्या, डोकं फिरलंय का तुझं, अजून महिना नाही झाला. तरी गेले. हे कड्यावर हात टाकून वर आले, तेव्हा सगळं थिएटर टाळ्या पिटत होतं. मीही पिटल्या. शरम वाटायला पाहिजे होती, मला तर आनंद झाला. वर आल्यावर एकदा समोर बघतात, सरळ तुमच्याकडे. तिथे हिरोचा चेहरा जोडायचा होता, तो राहून गेला. तेवढा एकच चेहरा आहे त्यांचा. लग्नात आमचा फोटो कोणी काढला नाही, नंतर कधी सवड झाली नाही.

बबन : आनि ह्ये डबे तुमच्याकडे कसे?

उदय : कंपनी बुडाली तेव्हा मशीनवाला विठूकाका होता, त्याने हे दोन उचलून आईला आणून दिले. मी लहान असताना त्याने एकदा सकाळी रिकाम्या थिएटरात आठवा भाग लावून दाखवला होता मला. फक्त मला आणि आईला. मला बाबांचा चेहरा आठवतो असं वाटतं, पण नीट नाही आठवत. तेव्हापासून ते डबे पलंगाखाली.

बबन : मंग आता कशाला काढले?

उदय : माझ्या मुलासाठी. सोनू शाळेतून विचारत आला, सगळ्यांच्या घरी आजोबांचा फोटो आहे, आपल्या का नाही? केबिन रोडला एक फोटोवाला आहे. तो बोलला, फिल्मचा एक चौकोन कापून आणा, मी त्याचा मोठा फोटो काढून देतो. तेव्हा डबे बाहेर काढले आणि घरभर वास सुटला. माझ्या बायकोला, रसिकाला, दिवस गेलेत, तिला उलट्या व्हायला लागल्या. वर सेक्रेटरी सांगून गेला की असली फिल्म पेट घेते. रसिका बोलली, आई, दोन्ही नका काढू, पण एक तरी जाऊ दे.

वैजयंता : तिचं काही चुकलं नाही. मलाही तो पडण्याचा डबा घरात कधी नकोच होता. फेकायला हात धजत नव्हता इतकंच. म्हटलं, आता जाऊ दे. झाकणांवरचे आकडे गंजून गेलेले. मग दोन्ही डबे उघडले आणि वरचं टोक खिडकीत धरलं. एकात नुसते घोडे. दुसऱ्यात हे लटकलेले. लटकलेला तो पडण्याचा, असं समजून गाठ मारून दिला ह्याच्या हातात.

बबन : मंग बराबर दिला ना?

उदय : नाही ना. ह्या फिल्मवाल्यांची पद्धत होती, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागच्या भागाचा शेवट पुन्हा दाखवायचा. म्हणजे मागच्या वेळी कुठे सोडलं होतं ते लोकांना आठवेल. आठव्या भागाची सुरुवातच त्या पडण्याने होते. आईने वरचं टोक बघितलं ते आठव्याचं.

बबन : आनि घोडेवाला सातवा. पडनं पार आतल्या टोकाला.

वैजयंता : मी दोनदा बघितलाय आठवा भाग. एकदा तेव्हा आणि एकदा विठूने दाखवला तेव्हा. मला माहीत पाहिजे होतं. पण दोन्ही वेळा सुरुवातीला मी डोळे मिटून बसले होते, पडणं संपेपर्यंत. माझ्या लेखी आठवा भाग ते वर येतात तिथूनच सुरू होतो. आज दुपारी राहवेना म्हणून घोड्यांची फिल्म ओढत शेवटपर्यंत गेले. कडा आला, हात दिसला, आणि चूक कळली. झाकण लावलं आणि ह्याच्या ऑफिसात फोन केला.

उदय : हिरवी किनार. आई, ही बघ. इथे, चुलीमागे.

वैजयंता : सापडला? आण इकडे. उदय, काय झालं? उघड ना.

उदय : उघडाच आहे. रिकामा आहे.

बबन : म्हंजे पिंपात गेला.

वैजयंता : मग पिंपातून काढ. उभा काय राहिलायस? सकाळी टाकलाय ना, सगळं थोडंच धुतलं जाणार आहे. एखादा तुकडा राहिला असेल मधे. मला एकच चौकोन पाहिजे. नखाएवढा. काढ रे बाबा.

बबन : काढतो. भाऊ, तुमी हात घालू नका, ओ, हात घालू नका सांगतो. हा बांबू धरा. हलू वर घ्या.

उदय : ही बघ आली. कोरी आहे. बबन, ही पण कोरी. सगळी काचेसारखी झालीय.

बबन : अशीच व्हते. चित्राचा थर सुटतो. मंग ही कोरी पट्टी बांगडीवाले नेतात, वितलवून बांगड्या करतात.

उदय : मधली घे. गुंडाळी आहे ती घे, आतपर्यंत पाणी गेलं नसेल.

बबन : ही घ्या. सोडवा.

उदय : कोरी. शेवटपर्यंत कोरी.

वैजयंता : अजून आहे खाली.

उदय : हात भाजला माझा, आई. तीनदा ढवळलं. काही नाही राहिलं.

वैजयंता : चित्र सुटून जातं कुठे?

बबन : खाली बसतं. तो कालाकाला गाल हाय ना तलाला, त्यात चांदी असते.

वैजयंता : म्हणजे हे त्या गाळात आहेत.

बबन : मावशी, असं नका बोलू.

वैजयंता : त्यातला आमचा कुठला, ते वेगळं काढता येतं का?

बबन : न्हाय येत. सगल्यांचा एकच व्हतो.

वैजयंता : दोर तुटला तेव्हा मी म्हटलं, नशीब. आज कोणाला काय म्हणू? ह्या हातांनी गाठ मारून दिली मी. मेलेला माणूस एवढी वर्षं पलंगाखाली जिवंत ठेवला होता आणि मीच उचलून दिला भट्टीत टाकायला.

उदय : आई, बस कर. मी पण बघायला हवं होतं. मीच घेऊन आलो ना इथे.

वैजयंता : सोनूला काय सांगशील?

उदय : माहीत नाही. सांगू काहीतरी.

बबन : पानी प्या, मावशी. आनि ह्यो पिशवीतला डबा? तुमी बदल्यात आनलेला. ह्याचं काय करू?

वैजयंता : टाक पिंपात. कालच टाकायचा होता तो.

उदय : थांब. बबन, दे इकडे.

वैजयंता : काय करायचंय त्याचं? त्यात काय आहे ते मला माहीत आहे.

उदय : तुला नाही माहीत. तू कधी बघितलंच नाहीस, आत्ता बोललीस ना.

वैजयंता : उदय, नको उघडू. माझं ऐक. आपला बाप पडताना बघायचा नसतो रे. घरी चल.

उदय : सरक, बबन. उजेड अडवू नको.

(उदय फिल्मचं आतलं टोक सोडवून दारातल्या उन्हात धरतो.)

बबन : काय दिसतंय?

उदय : कडा. हात. पाठमोरे आहेत. अजून पाठमोरेच. दोर तुटला वाटतं इथे. आई.

वैजयंता : ठेव ते खाली.

उदय : आई, हे इकडे वळलेत.

वैजयंता : वळणार नाहीत. हिरोच्या जागचा माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही, पहिल्या दिवशी शिकवतात त्यांना.

उदय : ठरल्याप्रमाणे पडले असते तर नसते वळले. दोर तुटल्यावर गरकन फिरलेत. तोंड पूर्ण इकडे आहे. चार-पाच चौकोनांत तर अगदी स्पष्ट आहे.

बबन : बघू. हां. भाऊ, कपाल तुमचंच हाय की. हिथं हनुवटीपन.

उदय : किती लहान आहेत, आई. माझ्यापेक्षा किती लहान आहेत हे.

वैजयंता : चोविसावं लागलं होतं. उदय.

उदय : काय?

वैजयंता : घाबरलेत का?

उदय : स्पष्ट आहे चेहरा. फोटोवाल्याला चालेल.

वैजयंता : मी ते नाही विचारलं.

उदय : हो. घाबरलेत. कोणाला तरी हाक मारतायत असं वाटतं.

बबन : मावशी, तुमी बसा. नका बघू. मी त्यांना बांधून देतो डबा, घरी न्या निवांत.

वैजयंता : सगळ्या मुंबईने बघितलं यांना पडताना. घरचं तेवढं कोणी नव्हतं. सरक उदय, मला उजेडात येऊ दे.