दोर न सोडणारी बाई

नाही, शपथेवर नाही सांगता येणार मला, रूपेश – आमची ही त्या दिवशी उत्तरेकडच्या दोरावर होती की दक्षिणेकडच्या. वर्गात मी ‘दक्षिणेकडच्या’ म्हणायचो ना? म्हणायचो. पण ते आठवत होतं म्हणून म्हणायचो, की इतकी वर्षं म्हणत आलो म्हणून आता तसं आठवतं – हे माझं मलाच कळेनासं झालंय. जन्मभर मानसशास्त्र शिकवलं आणि स्वतःच्या डोक्याचा भरवसा नाही! बस रे. ड्रायव्हरला थांबू दे जरा. निवड चाचणी उद्या आहे, कोल्हापूर कुठे पळून जात नाही.

समीक्षा आत आहे. आजी तिच्या पायाला आंबेहळद लावत बसलीय. तुला माहीत नव्हतं? – होतं. मग? परवा खो-खोच्या सरावात खांबाशी पाय वळला तिचा, तू म्हणालास, चालत राहा, मोकळा होईल. आणि चालतेय ना पोरगी! काल पायऱ्या उतरताना बघितलं मी – टाच टेकते, कड टेकते, तळवा टेकतच नाही. ‘काय होतंय गं?’ तर म्हणे, ‘काही नाही आजोबा, लचकलाय.’ आणि वर काय म्हणाली ठाऊक आहे? ‘दोर सोडायचा नाही, सर सांगतात.’ माझंच वाक्य, माझ्याच नातीच्या तोंडून.

तुझा दोष आहे असं नाही म्हणत. तू माझा विद्यार्थी, जे ऐकलंस ते सांगतोस. ‘अजिंक्य खेळाडू मैदानावर सापडतो असं नाही, तो रोजच्या जगण्यात आधीच असतो, बघणारा डोळा हवा’ – चांगलं होतं ना ते व्याख्यान? अजून वाटतं मला, ते अगदीच खोटं नव्हतं. मिरकरवाड्याला होडीतून फळीवरून उतरणारी बाई बघ, डोक्यावर माशांनी भरलेली टोपली – काय तोल! कलमावर चढलेला गडी बघ, खालून मालक बोंबलत असतो, पण हातातला आंबा उतरेपर्यंत मान वळवत नाही. हे सगळं खरंच आहे. पण मग सहनशक्तीचा मुद्दा यायचा, आणि तो आला की मी आमच्या हिची, कमळाची, गोष्ट सांगायचो.

कशी सांगायचो? थांब, मीच सांगतो, तू भलतंच रंगवशील. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. हिचं माहेर नाटे. त्या दिवशी रापण होती – तू शहरातला, पाहिली नसशील – समुद्रात जाळं गोल फिरवून टाकायचं आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावरून सगळ्या गावानं ओढायचे. माणसं कमी पडली म्हणून बायकाही लागल्या. मी जावई, चपला हातात घेऊन लांब वाळूत उभा. हिचा पाय खडकाच्या फटीत गेला. पडली, उठली, परत पडली, ओढत गेली – आणि जाळं वर येईपर्यंत हिनं दोर सोडला नाही! इथे मी थांबायचो. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करून बघायची. तू तर डोळे पुसले होतेस एकदा. पुसले होतेस रे, लाजतोस काय.

संध्याकाळी पाय भोपळ्यासारखा सुजलेला. ‘काय नाय झाला, लचाकलाय जरा.’ आणि मी खूश! खेळाडूंच्या सहनशक्तीवर प्रबंध लिहीत होतो ना – घरातच नमुना मिळाला. पुढे म्हातारपणी गुडघ्याचा एक्स-रे काढला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, घोटासुद्धा कधीतरी मोडलाय, तसाच वाकडा जुळलाय. उतारावर ती माझं मनगट धरते ते प्रेमानं धरते असं वाटलं होतं तुला?

काय? – मोडलेल्या पायानं उभी राहिली, हेच तर मोठेपण? हं. मीही स्वतःला तेच सांगितलं. एक्स-रे हातात धरून सांगितलं.

ऐकलंस? आतून ओरडतेय बघ – ‘पाठवा हो तिला, पोरीचा वर्ष फुकट जायत!’ आजी अशी, नात तशी. आणि खरंच नुसता लचकलेला निघाला तर? वर्ष जाईल समीक्षाचं, एका भित्र्या म्हाताऱ्यापायी. ती बोलणार नाही माझ्याशी, आणि बोलू नये. कालपासून हेच चाललंय डोक्यात – पाठवावं, नको, पाठवावं. तू एवढ्या खात्रीनं बसलायस समोर, मला कधीच कशाची एवढी खात्री वाटली नाही.

नाही. ती येणार नाही. आधी पायाचा फोटो काढायचा, मग पुढचं. तू ऊठ, बाकीच्या मुली ताटकळल्या असतील गाडीत. आणि ती दोराची गोष्ट पुन्हा सांगू नकोस त्यांना. का म्हणजे? – अरे, का म्हणजे काय…

निवृत्त झाल्यावर नाट्याला, सासुरवाडीला गेलो होतो. जानूभाऊ, हिचे थोरले भाऊ, अंगणात उभे राहून रापण कशी ओढतात ते मला हावभाव करून दाखवत होते. मी म्हटलं, भाऊ, हात कमरेशी का नेताय? नंतर गोदालाही विचारलं, त्या दिवशी दोरावर ती हिच्या मागेच होती, दोघांचं एकच. हिला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस, तर हसली – ‘तुमी इतक्या हौशीनं सांगायचात.’

दोर हातात नसतो, रूपेश. कमरेला पट्टा बांधतात आणि तो दोराला अडकवतात. दोर ताणलेला असला की पडलेल्या माणसाला स्वतःला सुटता येत नाही, दुसऱ्यानं सोडवावं लागतं. ती ‘सोडवा, सोडवा’ म्हणून ओरडत होती. मी लांब उभा होतो. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही.