जित्या मानसाची प्रार्थना

— नाई साहेब, परवचन चांगलंच झालं, मी कुठं म्हनून राहिली का वाईट झालं? उधळ्या पोराची गोष्ट — लोकं रडले बी. मी एकच पुसून राहिली, थे पोसलेलं वासरू शिजवलं कोनं? बापानं मिठी मारली, आंगठी घातली, सारं लिवलं हाय. पन मसाला कोन वाटला, चुलीपाशी कोन बसलं — हाय का नाव? नाई ना! बसा थ्या पाटावर. बोर्डिंगच्या पोरींचा भात व्हाचा हाय अजून. तुमी या सौसर गावात नवे, पाद्री होऊन महिना बी नाई झाला, म्हनून सांगते.

माहा नवरा हिरामण चौऱ्याहत्तर साली बोरगावच्या एका बाईसंगं इटारशीले पयाला. तिगावच्या टेसनावरून, भर दुपारी — लाज बी नाई मेल्याले! मी इथं आली अन् मनोहर पाद्रीसाहेबाईले — तुमच्या आधीचे, म्हातारे — सांगतलं, नवरा पटकीनं मेला. काऊन म्हंजे? टाकलेल्या बाईले लोक पुसतात, तुनं काय केलं व? मेलेल्याच्या बाईले कोनी नाई पुसत. त्याईनं मले सैपाकाले ठेवलं, ही मागची खोली देल्ली. अन् दरवर्षी श्रावनात हिरामणच्या नावानं प्रार्थना — तारीख मीच देल्ती, बाजाराचा दिवस सोडून! मंडळी रडे, मी बी रडो. पयल्या वर्षी जोर लावा लागला, मंग सवय झाली.

दहा वर्सं चाललं असं. चौऱ्याऐंशीत एका ऐतवारी देवळात उभी राहून मी साक्ष देऊन राहिली होती — देवानं विधवेले कसं सांभायलं — अन् दारात हिरामण! काडी झालेला, खोकलून राहिला. म्हनते कसा, "कला, पानी दे." सारी मंडळी माह्याकडं पाहून राहिली. मी म्हनलं, "मी या मानसाले ओयखत नाई." तुमचा पेत्र कोंबडं आरवाच्या आधी तीनदा म्हनला का मी येशूले ओयखत नाई, मी एकदाच म्हनलं — अन् कोंबडं बी नाई आरवलं.

पाद्रीसाहेब उठले, त्याले धरून पुढच्या बाकावर बसवलं, पानी पाजलं, अन् म्हनले, गीत म्हना. मी इकडं येऊन गठुडं बांधलं. थे मागंच आले. "कलाबाई, कुठं?" म्हनलं, "खोटं बोलली मी साहेब." थे म्हनले, "मले माहीत हाय. सहा वर्सं झाले. त्यानं इटारशीहून मले चिठ्ठी लिवली होती, कला बरी हाय का म्हनून." "अन् तरी तुमी दरवर्षी त्याची प्रार्थना केली?" "मेलेल्याची थोडीच केली? जित्या मानसाची केली. तुमची बी."

असा राग आला मले! सहा वर्सं या मानसानं माह्या हातचं खाल्लं, मले रडतानी पाह्यलं, अन् चूप! शिव्या देल्ल्या असत्या, हाकललं असतं, तर मी बी दोन बोलली असती, मोकयी झाली असती. हे तर माफच करून बसले, मले न पुसता! तुमच्या कृपेचं हेच मले पटत नाई साहेब — बलावल्याबिगर घरात येऊन बसते, अन् जाय म्हनलं तरी जात नाई. अन् वरून म्हनतात, "हिरामणसाठी कोंबडं शिजवता का? दोन दिवसाचा उपाशी हाय." शिजवलं! मिरची हात राखून नाई टाकली. थो खाता खाता रडला — मिरचीनं का पस्ताव्यानं, थे देव जाने.

पुढच्या ऐतवारी मीच उभी राहून सारं सांगतलं. आमच्या मंडळीतली अंबाबाई म्हने, काढा हिले. पाद्रीसाहेब म्हनले, "काढा, पन मंग सैपाक मी करन." त्याईच्या हातचं एकदा सारी मंडळी खाऊन चुकली होती. राहू देल्लं मले.

हिरामणले माफ केलं का? नाई! वसरीत खाट टाकून देल्ली, दवा पाजली, थुंकीचं भांडं धुतलं, अन् रोज शिव्या देल्ल्या. थो म्हने, "कला, शिवी देतानी तुहा आवाज तसाच हाय." दीड वर्स जगला. त्याले माती देल्ली थ्या दिवशी डोयात टिपूस नाई माह्या — खोटं रडू रडू सारं सरून गेलं होतं. अंबाबाई टकटक पाहून राहिली, पन मी तरी काय करू? मंग पंधरा दिवसांनी, एका सकायी, पोरी मोजून तांदूय टाकून राहिली होती, अन् एक मूठ जास्त पडली. त्याची. काढाले गेली तर हात उठे ना. बसली मी तशीच, इथंच, तुमी बसले ना, तिथं —

हे नव्हतं सांगाचं मले. तुमी बी कसे, चूपचाप ऐकून घेता! उठा साहेब, उठा. पोरी थाट्या घेऊन उभ्या झाल्या.