झोपण्यापूर्वीचं बटण

डंडी शहरातल्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. एफी आपल्या भाड्याच्या घराला नावं ठेवत होती आणि तिची मैत्रीण सेंगा ऐकत होती.

“तीन हिवाळे झाले सेंगा, हीटर आपला बर्फासारखा गार! मालकाने तीन वायरमन पाठवले. तिघेही चहा ढोसून म्हणाले, बिघाड काही नाही.”

“विटांचा हीटर ना तो? रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापतात, मग दिवसभर ऊब देतात.”

“मला नको शिकवू. ठाऊक आहे.”

“भिंतीवरचं बटण चालू असतं ना?”

“दिवसभर! हातसुद्धा लावत नाही.”

“आणि रात्री?”

“रात्री कसं असेल? दहाला झोपताना घरातलं एकूण एक बटण बंद. आमच्या आईची शिस्तच तशी होती.”

“एफी, तुझ्या आईकडे कोळशाची शेगडी होती!”

“तीही विझवूनच झोपायची ती.”

“अगं बाई, आजची एक रात्र चालू ठेवून तर बघ.”

“आता कशाला? शुक्रवारी मालक नवेकोरे हीटर बसवतोय. भांडून मिळवलेत मी.”

“अगं, तेही रात्रीच तापणार!”

“असू दे. पण नव्या वस्तूला जपायला नको? ते मी आठलाच बंद करीन.”